उलटी फिरवलेली कॅसेट

आमच्या घरात कॅसेट उलटी फिरवल्याशिवाय डब्यात जात नसे. ही पप्पांची शिस्त. लग्नाआधी ते मित्रांबरोबर व्हीसीआर भाड्याने आणून सिनेमे बघायचे. त्या काळी व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट शेवटापर्यंत पाहून तशीच परत दिली, की लायब्ररीवाला दंड घ्यायचा, आणि वर चार लोकांसमोर बोलायचा. "पुढच्याला सुरुवातीपासून बघता यावं, एवढी तरी माणुसकी ठेवा," असं तो एकदा पप्पांना म्हणाला होता. दंड पप्पा विसरले असतील, हे वाक्य विसरले नाहीत. ते एका सरकारी कार्यालयात अटेंडर, म्हणजे शिपाई आहेत. सगळ्या खुर्च्या टेबलाखाली सरकवून, पंखे बंद करून, मगच कुलूप लावणारा माणूस. पुढे त्यांनी आखाती देशातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना कॅमकॉर्डर घेतला, हाताच्या पंजात पट्टा अडकवून धरायचा, छोट्या कॅसेटचा. तेव्हा हीच शिस्त त्यालाही लागू झाली. शूटिंग झालं, की घरी येऊन सगळ्यांनी एकदा टीव्हीवर बघायचं, मग कॅसेट पूर्ण उलटी फिरवायची, मग डबा.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या एका चांगल्या सवयीमुळे झालं. मला ते कळायला बरेच दिवस लागले.

डबा स्टीलचा होता, बेगम बाजारातून डाळीसाठी आणलेला. त्यात अकरा कॅसेटी होत्या. गव्हात घालतात तशी आईने त्यांच्यातही कडुलिंबाची पानं घालून ठेवली होती. पानांचा आता हिरवट भुगा झाला होता. कॅमेरा वापरायचं कधीच बंद झालं, मोबाइल आले. डबा मात्र दर वर्षी घर रंगवताना खाली यायचा आणि परत वर जायचा.

आणि दर रविवारी माझी आत्या यायची. ती सिकंदराबादला राहते, एका खासगी दवाखान्यात काम करते. रक्ताच्या नळ्या वॉर्डातून लॅबमध्ये नेऊन पोहोचवायच्या. लिफ्ट पेशंटसाठी असते, त्यामुळे दिवसभर जिने. आमच्याकडे आली, की ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवते आणि पप्पांना विचारते, "दादा, माझी कॅसेट?"

"काढतो की."

"माझ्या पोरीचं लग्न आलं, तरी तू काढतोच म्हनतूस."

कॅसेट तिच्या लग्नाची. आमच्या लग्नांत त्रिशरण-पंचशील होतं, वधू-वर एकमेकांना हार घालतात, आणि मग वडीलधारी माणसं एकेक करून माइकवर दोन शब्द बोलतात. काही माणसं दोन शब्दांत अर्धा तास घेतात. माझे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ते त्यांतले नव्हते. नांदेडकडच्या गावातून ते इथं हमाली करायला आले होते आणि घरातही मोजकंच बोलायचे. पण मुलीच्या लग्नात ते उठले आणि माइकवर बोलले. हे सगळ्यांना आठवतं. काय बोलले, ते कुणालाच आठवत नाही.

"लई भारी बोलले आबा," लोक आत्याला अजून सांगतात. "डोळ्यात पानी आणलं."

"पन काय बोलले?"

"आता ते… पन बोलले लई भारी."

आत्या स्वतः स्टेजवरच होती. पण नेमक्या त्या वेळी सासरकडची एक बाई तिच्या कानाशी लागून पदर नीट घे, मान वर कर, असं काहीबाही सांगत होती, आणि बाहेर जनरेटर चालू होता. तिला ऐकू आल्या त्या टाळ्या. पप्पा समोरच कॅमेरा धरून उभे होते, पण त्यांचं सगळं लक्ष बॅटरीकडे. घरी येऊन टीव्हीवर लावलं, तेव्हा आत्या सासरी गेलेली, आणि पाहुण्यांच्या गलक्यात कुणी नीट ऐकलंच नाही. नंतर चार वर्षांनी आबा गेले. "मग तू त्यांनाच का नाही विचारलंस?" असं मी एकदा आत्याला म्हटलं होतं. ती म्हणाली, "बापाला जाऊन विचारायचं, तुम्ही माझ्याबद्दल काय बोलले म्हनून? बरी हायेस."

गेल्या वर्षी 'माझी कॅसेट?' हा प्रश्न पप्पांकडून माझ्याकडे आला. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे असे प्रश्न शेवटी माझ्याकडेच येतात. आधार कार्डावरची जन्मतारीख, गॅसची केवायसी, शेजारच्या मुलाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म, आत्याच्या पीएफचा पासवर्ड. मी बी.कॉम. करते. कॉम्प्युटर हा आमचा एक विषय आहे, तोही थिअरी जास्त. पण 'मला येत नाही' हे म्हणायला मला जमत नाही. म्हटलं तर समोरच्याचा चेहरा असा होतो, की जणू फी वाया गेली.

"तू कॉलेजात जाती ना," आत्या म्हणाली, "मग काढ."

मी 'बघते' म्हणाले. पप्पांचं 'काढतो' आणि माझं 'बघते' यांत फार फरक नाही, हे तेव्हाही जाणवलं होतं.

आम्ही नारायणगुड्याच्या एका मागच्या गल्लीत राहतो. मुख्य रस्त्यावर जुना फोटो स्टुडिओ आहे, तिथे मी आधी गेले. काउंटरमागच्या चाचांनी एक कॅसेट घेऊन उजेडाकडे धरली.

"कित्ते हैं ऐसे?"

"ग्यारा."

"ग्यारा! हर एक का अलग पैसा लगता अम्मा. बोलो तो, काम की कौनसी है?"

"शादी की."

"तो शादी की देओ बस. बाकी के कैकू?"

"कौनसी शादी की है, वोच नै मालूम."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि लेबल वाचायला गेले. प्रत्येक कॅसेटवर लेबलांवर लेबलं चिकटवलेली होती. एकावर लिहिलेलं खोडून दुसरं, त्यावर पांढरी पट्टी लावून तिसरं. पप्पांचं अक्षर बारीक आणि उभट. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी मी घरात शिकले, त्यामुळे हाताने लिहिलेलं वाचायला मला वेळ लागतो. पण इथे पप्पांनाही वाचता येत नव्हतं. चाचांनी कॅसेट हळूच माझ्या हातात परत ठेवली आणि अकराचा भाव सांगितला. तो माझ्या परीक्षा फीच्या वर गेला. मी "पूछ के आती" म्हणाले आणि निघाले. विचारायला कुणी नव्हतं.

कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचारायला मी दोन दिवस घेतले. ते चिडत नाहीत, पण मलाच उगाच वाटतं, की यांचा वेळ घेतेय. त्यांनी एकच विचारलं, "कॅमेरा आहे अजून? मग तोच प्लेअर." त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कॅमेऱ्यातून दोन वायरी निघतात, पिवळी चित्राची आणि पांढरी आवाजाची. त्या पेनड्राइव्हएवढ्या एका कॅप्चर यंत्रात घालायच्या, ते लॅपटॉपला लावायचं, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करायचं. ते यंत्र साधंच घ्या म्हणाले, इतक्या जुन्या चित्राला महाग घेऊन उपयोग नाही. नंतरच्या डिजिटल कॅसेटी असत्या, तर वेगळी वायर आणि तसं पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर शोधावा लागला असता. आमच्या त्याहून जुन्या, म्हणून स्वस्तात सुटत होत्या.

"अजून काय लागेल, सर?"

"वेळ. एका तासाच्या कॅसेटला एक तास. त्यात घाई करता येत नाही."

यंत्र मी कोठीच्या बाजारात जाऊन घेतलं. दोन दुकानांनी पेनड्राइव्हच दाखवला, तिसऱ्याने काढून दिलं. लॅपटॉप माझा नाही, मामेभावाने नोकरी लागल्यावर दिलेला आहे, आणि त्याची बॅटरी उतरलेली आहे, म्हणून तो प्लगला लावूनच चालतो. हे सगळं मी एका शनिवारी दुपारी जोडलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या आणि मधून मधून आडव्या रेघा.

मग सिकंदराबाद. आत्यानेच सांगितलं, की तिच्या दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर एक म्हातारे मेकॅनिक अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. त्यांनी कॅमेऱ्याचं दार उघडलं, फुंकर मारली आणि बोटावर आलेला हिरवा भुगा माझ्यासमोर धरला.

"ये क्या है? कोथमीर?"

"नीम है. अम्मी डाली सो. कीड़ा नै लगना बोलके."

ते इतके हसले, की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला. मग त्यांनी स्पिरिटमध्ये कागदाची पट्टी भिजवून आतल्या चकचकीत गोल भागावर धरली आणि तो भाग बोटाने सावकाश फिरवला. पट्टी हलवली नाही. वर-खाली घासलं तर त्यातलं चित्र वाचणारं हेड तुटतं, म्हणाले. पैसे बेताचेच घेतले. जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"इसकी उमर हो गई, बिटिया. कित्ते दिन चलता, मैं नै बोल सकता. जो निकालना है, एक बार में निकाल लो. आगे-पीछे नक्को करो. जित्ता घुमाते, उत्ता घिसता."

त्यामुळे मी एक नियम केला. कुठलीच कॅसेट पुढे पळवायची नाही, मागे आणायची नाही. प्रत्येक कॅसेट एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पहिली कॅसेट मी वाया घालवली. पूर्ण एक तास रेकॉर्ड केल्यावर ऐकते तर त्यात कॅसेटचा आवाजच नाही. सॉफ्टवेअरने लॅपटॉपच्या माइकचा आवाज घेतला होता. चित्रात बुद्धपौर्णिमेची मिरवणूक चालली होती आणि आवाज आमच्या कुकरचा. तीन शिट्ट्यांनंतर आई म्हणते, "गॅस बारीक कर गं," आणि मिरवणुकीतला एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस मान डोलावतो. आईला तो व्हिडिओ फार आवडला. मला मात्र हसू आलं नाही. मेकॅनिकनी 'एक बार में' म्हटलं होतं, आणि माझं ते एक बार गेलं होतं. मग नियम मोडून ती कॅसेट परत लावली.

त्यानंतर कॉलेजातून आल्यावर रोज एक, नाही तर एक दिवसाआड एक. कॅसेट लावायची आणि समोर बसायचं. उठून जायची सोय नव्हती, कारण लॅपटॉप मध्येच झोपायचा, नाही तर वीज हलकी व्हायची आणि चित्र अडकायचं. एका हातात कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक, दुसरा हात लॅपटॉपवर. माणसं जेवतायत, माणसं हार घालतायत, कुणीतरी केक कापतंय, आणि मी त्यांच्यात पाठ करतेय. मान आखडायची. काही वेळा ज्या बाईला मी तीन मिनिटं बघत होते, ती कोण, हे आईलाही सांगता यायचं नाही. आपण हे कुणासाठी करतोय, असंही एकदा वाटलं. मग आत्याचे खुर्चीवर ठेवलेले पाय आठवले.

विचित्र गोष्ट चौथ्या कॅसेटला लक्षात आली. सुरुवातीला कुणाच्या तरी नव्या घराचा कार्यक्रम होता, चौदा मिनिटं. मग पडदा दोन क्षण फाटल्यासारखा झाला आणि एकदम एका वाढदिवसाची शेवटची दोन मिनिटं आली, फुगे फुटून गेल्यानंतरची. परत पडदा फाटला आणि एक बारसं मध्येच सुरू झालं, बाळाचं नाव ठेवून झाल्यावर. मी आधीच्या तीन फाइली पुन्हा बघितल्या. तसंच होतं. प्रत्येक कॅसेटमध्ये सगळ्यात नवा कार्यक्रम सगळ्यात आधी आणि पूर्ण, आणि त्याच्या खाली जुन्यांची नुसती शेपटं. उतरंडीसारखं, एकावर एक.

मी वहीत चित्र काढलं तेव्हा कळलं. पप्पा दर वेळी कॅसेट उलटी फिरवून ठेवायचे. म्हणजे पुढच्या वेळी कॅमेरा चालू केला, की रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासूनच सुरू व्हायचं, आधीच्या कार्यक्रमावर. घरी येऊन आम्ही नवीन बघायचो, ते सुरुवातीलाच असायचं, मग लगेच उलटी. खाली काय उरलंय, हे कधी कुणी पाहिलंच नाही. मी पप्पांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "कॅसेटीत आधीचं असायचं, तर नवीन कुठं जायचं?"

"ते कॅमेरा बघतो की," पप्पा म्हणाले. "रिकामी जागा असंल तिथं भरतो."

त्यांच्या हातात तेव्हा इस्त्री होती. मी वही मिटली.

तेव्हापासून कॅसेट लावताना भीती वाटायला लागली. आबांचं बोलणं लग्नाच्या मध्यावर कुठेतरी असणार. त्याच्यावर किती मिनिटांचं दुसरं काही आलं असेल, एवढाच प्रश्न होता. पाचवीत लग्न नव्हतं. सहावीत होतं, पण दुसऱ्याच कुणाचं. सातवी ओलसर होती, तिच्यात फक्त आवाज होता.

आठवी लावली आणि पडद्यावर मी आले.

साडेतीन वर्षांची असेन. शाळेचं फाटक. गणवेश गुडघ्याच्या खाली आलेला, गळ्यात पाण्याची बाटली. माझा हात आत्याच्या हातात. कॅमेऱ्यामागून पप्पांचा आवाज, "इकडं बघ, इकडं, हास जरा." मी हसत नाही. मी भोकाड पसरते. आत्या खाली बसून पदराने माझं नाक पुसते. मग पप्पांनी फाटक घेतलंय, शाळेची पाटी घेतलीय, वर्गाच्या खिडकीतून बाकावर बसलेली मी घेतलीय, पुन्हा फाटक घेतलंय. त्यांना थांबवत नव्हतं. मी घड्याळ बघत होते. आठ मिनिटं. नऊ. दहा. मी मनातल्या मनात 'पुरे, पप्पा, पुरे' म्हणत होते, पण हेही कळत नव्हतं, की खाली लग्नच आहे असं मला का वाटतंय. अकरा मिनिटं झाल्यावर पडदा फाटला.

एक हॉल. स्टेजवर हार घातलेली आत्या, तिच्या कानाशी वाकलेली एक बाई. आणि माइकसमोर आबा. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, माइक दोन्ही हातांनी धरलेला.

"…दहावीला बसवायचं होतं हिला. मास्तर घरी येऊन गेले. मी नाही बसवलं. घरचं बघून थांबवलं. हुशार होती. ते माझं चुकलं. हितं सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं. एवढंच. जयभीम."

टाळ्या. आबा माइक हातात घेऊनच स्टेजच्या उलट्या बाजूला चालायला लागले, वायर ताणली गेली, कुणीतरी धावत येऊन माइक सोडवून घेतला. मग जेवणाच्या पंगती, शेवटपर्यंत.

मागे आणून परत ऐकायचा मोह झाला, पण नियमाप्रमाणे मी कॅसेट संपेपर्यंत बसून राहिले. पंगतीत वाढणाऱ्यांचे हात दिसत होते. मला फार थकल्यासारखं झालं. त्या "दहावीला"च्या आधी ते किती वेळ बोलले असतील? पाच मिनिटं? काय काय बोलले असतील? ते सगळं माझ्या पाण्याच्या बाटलीखाली गेलं होतं.

पप्पा ऑफिसातून आल्यावर मी त्यांना दाखवलं. आधी शाळेचं, मग आबांचं. त्यांनी डोक्याला हात लावला नाही, काही नाही. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढल्या.

"मी तर दर वेळी नीट उलटी फिरवून ठेवायचो," ते म्हणाले.

"म्हणूनच झालं, पप्पा."

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी चपला भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या. मग विचारलं, "मधलं परत येत नाही का? तुमच्या सरांना विचार."

"नाही येत."

"मग तिला शाळेचं सांगू नको. कॅसेट खराब झाली म्हन. जुनी होती, खराब झाली."

कॉम्प्युटरवर हे सोपं असतं. मी शाळेचा भाग कापून टाकला आणि आबांपासून सुरू होणारी फाइल वेगळी केली. पाहणाऱ्याला वाटावं, की कॅसेट इथूनच सुरू होते. पूर्ण फाइलही ठेवली. कुठली दाखवायची, हे रविवारपर्यंत माझं ठरलं नाही. आत्याला खोटं सांगायचं नव्हतं, आणि पप्पांना तिच्यासमोर उघडं पाडायचं नव्हतं. मी जन्मलेच नसते तर ते भाषण पूर्ण राहिलं असतं, असं एक वेडगळ वाक्य आठवडाभर डोक्यात फिरत होतं.

रविवारी आत्या आली, खुर्चीत बसली, पाय वर घेतले. "लाव."

मी कापलेली फाइल लावली. स्वतःला बघून ती आधी हसली, "अगं, ती बघ, ती नणंद, कानात शिरलीय नुसती!" मग आबांचा आवाज आला आणि ती पडद्याकडे झुकली. वीस सेकंदांत सगळं संपलं. पंगती सुरू झाल्या.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "आन् लोक बावीस वर्षं मला सांगतात, लई भारी बोलले." मग म्हणाली, "परत लाव."

मी तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी तिने पाय खाली घेतले होते.

"याच्या आधीचं?"

मी पप्पांकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही. तोंडात शब्द जुळवत होते, जुनी होती, ओल लागली होती. तेवढ्यात पप्पाच बोलले. ते दारात उभे होते.

"आधीचं माझ्यानं पुसलं. हिच्या शाळेचं घेतलं त्याच्यावर, पहिल्या दिवसाचं. मला कळलंच नाही. चुकलं माझं."

आईने आतून चहाचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. आत्या पप्पांकडे बघत होती. मला वाटलं, आता ती बोलेल. इतकी वर्षं विचारतेय, तिला हक्क आहे.

"शाळेचा पहिला दिवस?" ती म्हणाली. "त्या दिवशी तर मीच नेलं होतं हिला. तुला ऑफिसची घाई. तू चालला होतास तसाच. मीच म्हनलं, दादा, कॅमेरा घे, आपल्या घरातली पोरगी शाळेत चाललीय, कॅमेरा घे." ती माझ्याकडे वळली. "हाय का ते? लाव."

मी पूर्ण फाइल लावली. अकरा मिनिटं ती बघत होती. "कशी रडती बघ, जसं काय कापायलाच नेलंय." "वहिनी, ही साडी तुमच्याकडंच राहिली, बरं का." "अगं, मी केवढी बारीक होते!" फाटक दुसऱ्यांदा आलं. मग पडदा फाटला, आबा आले, आणि तिने पुन्हा सगळं ऐकलं.

"दहावी म्हनले ना आबा?"

"हो."

"मी आठवीत होते."

पप्पा दारातून आत आले.

"आठवीतून काढलं मला. दहावी कुठली! मास्तर आले होते ते आठवीच्या परीक्षेला बसवा म्हनून." आणि ती हसायला लागली, खरंच हसायला लागली. "त्यांना वाटलं, मी दहावीपर्यंत पोचले होते. बघ ना दादा. इतकी वर्षं मनात धरून बसले आन् वर्ग चुकला." हसता हसता तिने पदर तोंडावर घेतला, आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही. आईने चहाचा कप तिच्यासमोर ठेवला आणि तिथेच, तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. चहावर साय आली.

निघायच्या वेळी तिने फाइल मोबाइलवर मागितली. मी दोन्ही टाकल्या. तिने विचारलं, "कुठली कुठली?" मी म्हटलं, "एक आबांची, एक सगळी." "सगळीच ठेवते," ती म्हणाली आणि आबांची कापलेली पुसून टाकायला मोबाइल माझ्याकडे दिला. त्यात जागा कमी होती.

कॅसेट अजून कॅमेऱ्यातच होती, शेवटाला येऊन थांबलेली. पप्पांनी कॅमेरा उचलला आणि सवयीने त्यांचा अंगठा उलट फिरवायच्या बटणावर गेला.

"नको दादा," आत्या चपला घालताना म्हणाली. "आता कशाला फिरवतोस. राहू दे हाय तिथं."

पप्पांनी अंगठा काढला. कॅसेट बाहेर घेतली. तिच्या कडेला एक लाल खटका असतो. तो सरकवला, की तिच्यावर परत काही रेकॉर्ड होत नाही. हे मीच त्यांना त्या आठवड्यात दाखवलं होतं. तो त्यांनी नखाने सरकवला. नीट सरकला की नाही, म्हणून पुन्हा एकदा दाबून पाहिला. मग ती डब्यात ठेवून आत्याला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले.

डब्यातल्या तीन कॅसेटी अजून काढायच्या आहेत. परीक्षा झाल्यावर काढेन.